झाकणावरचं हळदकुंकू

नळाला पाणी येतं ते आपोआप येतं असं पुष्कळांना वाटतं. येत नाही. एक माणूस सकाळी रस्त्यावर येतो, लोखंडी झाकण उचलतो, खड्ड्यात चावी घालून वॉल्व्ह फिरवतो, तेव्हा ते येतं. बेंगळुरात यशवंतपूरच्या मागल्या अंगाला अकरा गल्ल्या आहेत. तिथं तेहतीस वर्षं तो माणूस मी होतो.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकाचं काम बघणाऱ्या जोशीबाई मागं लागल्या म्हणून हे लिहितोय. त्या पुण्याच्या, यजमान संशोधनाच्या मोठ्या नोकरीत. म्हणाल्या, "काका, तुमचा एक्सपीरियन्स इतका युनिक आहे, तुमच्याच भाषेत लिहा." मी म्हटलं, बाई, माझी भाषा तुम्हांला झेपायची नाही. आमचं घराणं इथं कधी आलं ते आजोबांनाही ठाऊक नव्हतं. कुणाच्या तरी घोड्यामागं आलं, घोडा मेला, मग राहिलं, असं ते सांगायचे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कानडी. शाळा सातवीपर्यंत, तीही कानडीत. देवनागरी मला बायकोनं शिकवली. ती बेळगावची, सुमन. लग्न झाल्यावर माझी पहिली मराठी चिठ्ठी बघून म्हणाली, "हे अक्षर होय? मला वाटलं कोंबडी शाईत बुडवून कागदावर सोडली." तिला जाऊन दीड वर्ष झालं. तर या लेखातलं अक्षर तिचं, चुका माझ्या.

आधी धंदा समजून घ्या.

इथं पाणी चोवीस तास नसतं. लांबच्या नदीवरून पंपांनी चढवत चढवत येतं, टाकीत साठतं, आणि पाळीपाळीनं गल्ल्यांना सुटतं. एका गल्लीला दिवसाआड अडीच तास. कुठला वॉल्व्ह किती फेरे उघडायचा ते कागदावर नसतं, हाताला ठाऊक असतं. चढावरच्या गल्लीला आधी आणि पूर्ण, उतारावरच्या गल्लीला मागून आणि अर्धा. याच्या उलट केलंत तर चढावरच्या बायका तुमच्या सात पिढ्या काढतील, आणि त्यांचं बरोबर असेल. जुनी माणसं मला नीरगंटी म्हणत. पूर्वी तळ्याचं पाणी शेतांना वाटून देणारा गावात एक असायचा, त्याचं नाव ते. खात्याच्या कागदात मी वॉल्व्हमॅन. मला नीरगंटी आवडायचं.

चावी म्हणजे खिशातली नव्हे. छातीला लागेल एवढी उंच लोखंडी सळई, वर आडवा दांडा, खाली चौकोनी तोंड. ती वॉल्व्हच्या डोक्यावर बसवायची आणि दोन्ही हातांनी फिरवायची. दांड्याला कान लावला की खालचं सगळं ऐकू येतं. पाणी भरून चाललंय, का नुसती हवा आहे, का कुणी चोरून मोटार लावून ओढतंय. एकदा एका बड्या घरासमोर असाच कान लावून उभा होतो, तर मालक बाहेर आले.

"काय ऐकताय?"

"तुमची मोटार."

"आमच्याकडं मोटारच नाही."

"सरी, ठीक आहे. मग माझा कान बिघडला. उद्या तुमच्या लाईनीची दुरुस्ती काढतो, दोन दिवस पाणी बंद."

तेवढ्यात खालचा आवाज थांबला. घरात कुणीतरी आमचं बोलणं ऐकत होतं.

वॉल्व्ह दोन तऱ्हेचे. एक रोजचे आणि एक अडीनडीचे. अडीनडीचा म्हणजे, कुठं पाइप फुटला तर तेवढाच तुकडा बंद करायचा. त्याला वर्षातून एकदोनदा हात लागतो. दोन्ही मिळून माझ्याकडं सतरा होते. त्यातले पंधरा घड्याळाच्या काट्यासारखे फिरवले की बंद होतात, सगळ्या जगात होतात तसे. दोन मात्र उलटे, कुठल्या तरी जुन्या मालातले. ते काट्याच्या उलट फिरवले तरच बंद होतात. ठाऊक नसलेल्यानं चुकीच्या बाजूला जोर लावला तर आतला दांडा तुटतो, आणि मग तो वॉल्व्ह ना उघडायच्या कामाचा ना मिटायच्या. एवढं ध्यानात ठेवा.

आता आमच्या शहराचा कारभार. पाणी आमच्या खात्याचं, रस्ता पालिकेचा, तारा विजेवाल्यांच्या, झाड झाडवाल्यांचं. खड्डा मात्र सगळ्यांचा. रस्त्याचा कंत्राटदार डांबर घालायला आला की त्याची माणसं आमची झाकणं खाली गाडून पुढं जायची. मी भांडायला जायचो.

"झाकण दिसलं नाही का?"

"दिसलं ना अण्णा. पण आम्हांला रस्ता सपाट करा म्हणून सांगितलंय."

हे सगळं बोलणं अर्थात कानडीत व्हायचं. मी इथं मराठीत उतरवतोय.

एका उन्हाळ्यात अशी चार झाकणं गडप झाली. मी पहार घेऊन भर रस्त्यात ठोकत बसलो होतो. लोखंडाचा आवाज कुठं येतो ते बघत. सुमन भाजी घेऊन चालली होती. पिशवी खाली ठेवून उभी राहिली.

"काय हरवलं?"

"झाकण."

"एवढं मोठं झाकण हरवतं कसं?"

"वर डांबर टाकलं. ह्यांना काय, दिसेल त्याच्यावर टाकतात."

"दिसेल त्याच्यावर नाही टाकत," ती म्हणाली. "त्या कोपऱ्यावरच्या नागाच्या दगडाला वळसा घालून गेलेत, बघा."

मी बघितलं. खरंच, दगडाभोवती हातभर जागा सोडून डांबर गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून ती रांगोळीचा डबा घेऊन बाहेर पडली. एका झाकणावर हळद, मधे कुंकू, आणि कडेनं लक्ष्मीची पावलं, एकापाठी एक, गोल फिरणारी. मी म्हटलं, अगं हा सरकारी माल आहे. म्हणाली, "लक्ष्मी काय खाजगी आहे?" आठवड्याभरात सतराही झाकणं झाली. रोज सकाळी माझ्याबरोबर निघायची. मी चावी फिरवायचो, झाकण बसवायचो, ती वर हात फिरवायची. पुढच्या खेपेला डांबरवाले आले तेव्हा त्यांच्या मुकादमानं झाकण बघितलं, पायातली चप्पल काढली आणि माणसांना सांगितलं, "इथं वळसा घाला." मी पलीकडं चहा पीत उभा होतो. चहा नाकात गेला.

तर असं चाललं होतं, आणि मग पुट्टम्मा मधे आली.

पुट्टम्मा आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर फुलं विकते. तेव्हाही विकायची. रोज उरलेली दोन फुलं ती तिथल्या झाकणावर टाकू लागली. मग एक उदबत्ती. मग एके दिवशी बघतो तर झाकणावर तीन विटा, मधे उभा दगड, दगडाला चांदीचे डोळे. मुनेश्वर, म्हणजे इथला रस्त्याकडेचा राखणदार देव, बसला होता. नेमका अडीनडीच्या वॉल्व्हवर, आणि नेमका त्याच आठवड्यात पुढं पाइप फुटला. रस्त्यात कारंजं उडतंय, पोरं नाचतायत, आणि मी चावी घेऊन मुनेश्वरापुढं उभा.

"पुट्टम्मा, देव उचल."

"देव उचलतात का अण्णा? बसलेला देव आहे."

"त्याच्याखाली माझा वॉल्व्ह आहे."

"मग देवाला विचारा."

खात्याचा साहेब म्हणाला पोलीस बोलवा. मी म्हटलं, साहेब, पोलीस आधी नारळ फोडतील. शेवटी सुमनला बोलावलं. तिनं पदर खोचला, पुट्टम्माच्या शेजारी फुलं निवडत बसली. पाच मिनिटं नुसती मोगऱ्याच्या भावावर बोलली. मग म्हणाली, "अक्का, खाली गंगा आहे. वर येऊ बघतीय. तू तिच्या डोक्यावर देव ठेवलास. आता सांग, तो देव तिथं सुखानं बसला असेल का?"

पुट्टम्मानं स्वल्प विचार केला आणि स्वतः विटा उचलून हातभर बाजूला, रस्त्याच्या कडेला मांडल्या. अजून तिथंच आहे मुनेश्वर. आता त्याला फरशी आणि दिवा आहे.

हे सगळं वॉर्डाच्या सभेत गेलं. त्या काळात वॉर्डाचा एक निवडून आलेला माणूस असायचा, आणि महिन्यातून एकदा त्याच्या पुढ्यात खुर्च्या टाकून लोक बसायचे. काय मिळायचं तिथं असं विचाराल तर फार काही नाही. पण ज्याच्यावर ओरडायचं तो समोर दिसायचा, आणि त्याला आपल्याच गल्लीतून घरी जायचं असायचं. ही लहान गोष्ट नाही.

तिथं मास्तरांनी तक्रार मांडली. मास्तर म्हणजे आमच्या गल्लीतले निवृत्त गणित शिक्षक. पाणी सुटायच्या वेळी घड्याळ घेऊन फाटकात उभे राहायचे. समोरच्या ओळीला चार मिनिटं जास्त पाणी मिळालं तर मला पत्र लिहायचे. मी समोर उभा असताना पत्र लिहायचे. ते म्हणाले, सार्वजनिक मालमत्तेवर हळदकुंकू लावणं कुठल्या नियमात बसतं? निवडून आलेल्या माणसानं माझ्याकडं बघितलं. मी सुमनकडं. ती मागं बायकांत बसली होती. तिथनंच म्हणाली, "नियमात नसेल तर बसवा. मास्तर आहेत, तेच लिहितील."

मास्तरांना लिहायला कुणी सांगितलं की ते नाही म्हणू शकत नाहीत. तिथल्या तिथं ठराव लिहिला: वॉर्डातील पाण्याची सर्व झाकणे कायम दिसती व उघडी ठेवण्याची जबाबदारी त्या त्या रस्त्याच्या रहिवाशांची राहील. दोन मिनिटांत एकमतानं पास. त्या सभेत दुसरं काही कधी एकमतानं पास झालेलं मला आठवत नाही. कारण सोपं आहे. सुमन सोडली तर कुणालाच काही करायचं नव्हतं.

मी निवृत्त झालो. खात्यानं शाल दिली, भिंतीवरचं घड्याळ दिलं. मी घरी बसलो, पण सुमनचं थांबलं नाही. बारा वर्षं ती एकटी जायची. मी म्हणायचो, आता ते दुसऱ्याचे वॉल्व्ह. ती म्हणायची, "वॉल्व्ह दुसऱ्याचे असतील." पुढं गुडघे गेले, रोज वाकवेना. तेव्हा तिनं पिवळा आणि लाल ऑइलपेंट आणला, एक बुटकं स्टूल घेतलं, आणि रोज एक अशी सतरा झाकणं रंगवून काढली. मी डबा धरून उभा. एका झाकणापाशी मी तिला म्हटलं, ही पावलं उलटी काढलीस, बाकीची सगळी डावीकडनं उजवीकडं फिरतात.

"हा तुमचा उलटा वॉल्व्ह ना?"

"असेल."

"मग लक्ष्मीपण उलटी."

"लक्ष्मी उलटी काढतात का कुठं?"

"लक्ष्मी कुठं जाते ते तुम्ही बघू नका. चावी कुठं फिरते ते बघा."

मी हसलो आणि विसरलो. तिच्या पुष्कळ गोष्टींना मी हसलो आणि विसरलो. खात्यानं मला शाल दिली, तिला कुणी काही दिलं नाही. मीही दिलं नाही. हे लिहून ठेवतो.

ती गेल्यावर मी दाराबाहेर पडणं सोडलं. मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला, के. आर. पुरमला असते, ती म्हणे इकडं या. मी म्हणे बघू. शहरात काय चाललंय ते पेपरात वाचायचो. निवडून आलेली माणसं तर कैक वर्षं नव्हतीच, साहेबच कारभार बघायचे, त्यामुळं वॉर्डाची सभाही गेली होती. मग एका पालिकेच्या पाच झाल्या. कारभार लोकांच्या जवळ येणार म्हणून. येऊ दे, चांगलं आहे. आमच्या तर इतका जवळ आला की हद्द आमच्या रस्त्याच्या मधोमध गेली. माझ्या बाजूची घरं एका पालिकेत, समोरची दुसरीत. पुट्टम्मा या बाजूला फुलं ओवते आणि उन्हं आली की छत्रीसकट त्या बाजूला सरकते. म्हणते, रोज परगावी जाऊन येते.

समोरच्या पालिकेनं आपल्या अर्ध्या रस्त्यावर डांबर घातलं. आमची अर्धी बाजू तशीच. अगदी आखून घेतल्यासारखं, एक अंग काळं गुळगुळीत आणि एक अंग खड्ड्यांचं. मुनेश्वर गुळगुळीत बाजूला पडला. त्याच्या शेजारचं झाकण डांबराखाली गेलं. हळदकुंकू लावणारं कुणी राहिलं नव्हतं.

आता पाडव्याची गोष्ट. आमचा पाडवा म्हणजे इथल्या लोकांची उगादी, एकच दिवस. सकाळी घरात प्रत्येकाला तेल लावून न्हाऊ घालायचं. त्या दिवशी नळ कोरडा म्हणजे सण नाही.

आदल्या दिवशी सकाळी दार वाजलं. बाहेर एक पोरगी, डोक्यावर पिवळी टोपी, बुटाला चिखल.

"ताता, मी चैत्रा. पाणी खात्याची इंजिनियर." ताता म्हणजे आजोबा.

"मी निवृत्त आहे."

"ठाऊक आहे. खालच्या गल्लीत नळाला घाण पाणी येतंय. झाडाच्या मुळानं पाइपाचा सांधा फोडलाय, शेजारचं गटार आत शिरतंय. तेवढा तुकडा बंद केला तर संध्याकाळपर्यंत सांधा बदलून होईल. पण तो वॉल्व्हच सापडत नाही. वरचा मोठा बंद केला तर अकराही गल्ल्या कोरड्या. लोकांनी पाणी साठवलेलं पण नाही, सणासाठी आज सगळीकडं सुटणार म्हणून."

"वॉल्व्ह मुनेश्वराच्या पुढ्यात. हातभर अंतरावर. पुट्टम्माला विचार."

"त्यांनीच तुमच्याकडं पाठवलं."

"जागा सांगितली ना. पहार मार, झाकण लागेल, चावी घाल, फिरव." मी दार लावत होतो. मग सवयीनं तोंडातून गेलं, "आधी तो सरळ का उलटा ते बघ."

"उलटा म्हणजे?"

मी तिच्याकडं बघितलं. चांगली शिकलेली पोरगी. तिला उलटा म्हणजे काय ते कुणी सांगितलंच नव्हतं. मी चपला घातल्या.

रस्त्यावर निम्मी आळी जमली होती. पुट्टम्मा मला बघून म्हणाली, "आलं का भूत बाहेर?" दीड वर्षात माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. बरं वाटलं.

चैत्रा फोनवर होती. अडचण अशी की घाण पाणी येतं ती घरं एका पालिकेत आणि खणायचं ते डांबर दुसरीचं. नवा रस्ता फोडायला त्यांची परवानगी पाहिजे. फोनवरचे साहेब म्हणत होते अर्ज द्या, उद्या सुट्टी, परवा बघू. तिच्या माणसांनी पहारी टेकवून ठेवल्या होत्या. दोन बायका तर घागरी घेऊन कुठं जावं याचा विचार करत होत्या.

तेव्हा मास्तर आले. आता काठी घेऊन चालतात. काखेत फाईल. फाईल उघडून त्यांनी एक पिवळा पडलेला कागद काढला आणि शाळेत वाचतात तसा मोठ्यानं वाचला. पाण्याची सर्व झाकणे कायम दिसती व उघडी ठेवण्याची जबाबदारी त्या त्या रस्त्याच्या रहिवाशांची राहील.

"मॅडम," मास्तर म्हणाले, "तुम्ही रस्ता फोडू नका. रस्ता कुणीच फोडत नाहीये. आम्ही रहिवासी आमचं झाकण दिसतं करतोय. ठराव आहे."

चैत्रानं कागद वाचला. "सर, हा वॉर्डच आता नाहीये."

"रस्ता आहे ना?" मास्तर म्हणाले. "हा ठराव रस्त्याचा आहे."

ती थोडी हसली. फोन खिशात ठेवला आणि म्हणाली, "मी चहा प्यायला जातेय. पंधरा मिनिटांनी येईन." पहारी तिथंच राहिल्या.

एक गोष्ट मी तिला सांगितली नव्हती. हा वॉल्व्ह सरळ का उलटा, ते मला आठवत नव्हतं. दोन उलटे. एक वरच्या गल्लीतला, तो पक्का. दुसरा हा, का शाळेपुढचा? तेरा-चौदा वर्षं हात लावला नव्हता. हाताला विचारलं तर हात कधी इकडं म्हणे कधी तिकडं. सुमनला ठाऊक असणार. घरी जाऊन विचारावं असं क्षणभर मनात आलंही. माणूस गेलं तरी सवय कुठं जाते.

पहारीनं डांबर उचकटलं. दोन घावांत मोठा तुकडा उठला. आणि त्याच्याखाली, बघा, गोणपाट होतं. चांगलं चौपदरी, पाण्यात भिजवून अंथरलेलं असणार, वरून काळं झालेलं. डांबर घालणाऱ्यांना रस्ता सपाट करायचा हुकूम होता, पण खाली जे दिसलं त्याच्यावर ऊन डांबर ओतायचं त्यांच्या जिवावर आलं असावं. कोण माणसं होती ठाऊक नाही. भेटली तर त्यांना जेवायला घालीन.

पुट्टम्मानं ते गोणपाट दोन बोटांनी सोललं.

पिवळं झाकण. मधे लाल ठिपका. कडेनं आठ लहान पावलं, टाचेपुढं बोटं, एकापाठी एक. रंग सकाळी लावल्यासारखा. आणि पावलं उलटी चालली होती. उजवीकडनं डावीकडं, घड्याळाच्या विरुद्ध.

मास्तरांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. मला वाटलं, मी इथं सगळ्यांपुढं रडणार. पण हसूच आलं. भांडण जिंकल्यावर सुमन तोंड फिरवून बसायची, तशी ती पावलं दिसत होती.

तोवर चैत्रा परतली. तिच्या दोघा गड्यांनी झाकण काढलं, चावी बसवली आणि काट्याच्या दिशेनं जोर लावायला लागले. मी म्हटलं, "थांबा. उलटा आहे."

"नक्की ना, ताता?" चैत्रानं विचारलं. "दांडा तुटला तर उद्याचा सण गेला. आणि माझी नोकरी पण, थोडीशी."

"झाकण बघ," मी म्हटलं. "माझ्या बायकोनं लिहून ठेवलंय."

चावी मी धरली. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तिचा एक गडी. आधी हललीच नाही. मग खालून एक कण्हल्यासारखा आवाज आला आणि ती सुटली. काट्याच्या उलट. मी फेरे मोजले, एकोणीस. विसाव्याला घट्ट बसली. दांड्याला कान लावला. आधी खळाळ होता, मग सुस्कारा, मग काही नाही. तेहतीस वर्षं मला पाण्याचा आवाज आवडायचा. त्या दिवशी न येणारा आवाज आवडला. चैत्रालाही कान लावायला सांगितला. तिनं टोपी काढून लावला. पुष्कळ वेळ लावून उभी राहिली.

दुपारी सांधा बदलला, मूळ कापलं, पाइप धुऊन काढला. संध्याकाळी पाणी सुटलं. पहिली घागर पुट्टम्मानं मुनेश्वरावर ओतली आणि दुसरी, मला न विचारता, माझ्या पायावर. "उद्या गुढी उभारणार ना, अण्णा?"

"बघू."

"बघू नाही. सुमनअक्कानं विचारलं तर मी काय सांगू?"

उभारली. साडी तिचीच लावली, बेळगावची हिरवी. अकराही गल्ल्यांत त्या सकाळी तेलाचा आणि शिकेकाईचा वास होता. मास्तर ओल्या केसांनी फाटकात उभे होते, घड्याळ घेऊन. समोरच्या ओळीला चार मिनिटं जास्त पाणी मिळालं म्हणाले. पत्र चैत्राला लिहिणार आहेत. लिहू दे, तिचंही शिक्षण व्हायला पाहिजे. ती आता रविवारी येते. मी तिला सतराही वॉल्व्ह दाखवतोय, तिला ते मोबाईलच्या नकाशात घालायचेत. घालू दे. तिला मी एवढंच सांगितलं की नकाशावर डांबर पडत नाही, झाकणावर पडतं.

म्हणून रोज सकाळी आता मी निघतो, सुमनचा रांगोळीचा डबा घेऊन. बुटकं स्टूल आहेच. हळद, कुंकू, पावलं. दोन झाकणांवर उलटी. एक पाऊल मोठं येतं, एक लहान. परवा पुट्टम्मा फुलं ओवता ओवता वाकून बघत होती.

"अण्णा, तुमची लक्ष्मी लंगडते."

"लंगडू दे," मी म्हटलं. "दिशा बरोबर आहे ना?"